११४ ला 'हो' म्हणणाऱ्या डेन्व्हरच्या मराठी मंडळींना, क्रेमलिंगहून

मंडळी, नमस्कार.

फेब्रुवारीत तुमच्यातले सात-आठ जण आमच्या ग्रँड काउंटीतल्या ग्रॅन्बीला घर भाड्यानं घेऊन राहिला होतात, मलाही आवर्जून बोलावलंत, पिठलं-भाकरी झाली, गप्पा झाल्या, सगळं छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी म्हणलं चल आम्हाला लांडगे दाखव, मी नाही म्हणलो, मग तुम्ही तुमचे तुम्ही गेलात आणि संध्याकाळी ग्रुपवर फोटो टाकलात. बंदीच्या बोर्डाच्या पलीकडं स्नोशू घालून उभे, सोबत कुत्रा, आणि मागं टेकडीच्या अंगाला एल्कची (आपल्या सांबरासारखं थोराड हरीण) लांबच लांब रांग वर चढत चाललेली. खाली लिहिलेलं, काय नजारा आहे! मी अंगठा टाकला आणि गप्प बसलो. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, बोललो नाही, म्हणून आता हे एवढं लांबलचक लिहितोय. एकेकट्याला फोन करण्यापेक्षा उघड लिहितोय, कारण विषय त्या सात-आठ जणांचा नाहीये, २०२० मध्ये प्रॉपोझिशन ११४ ला, म्हणजे कोलोरॅडोत लांडगे परत आणून सोडायचे का या मतदानात, हो म्हणून आलेल्या तुम्हा सगळ्यांचाच आहे. (ज्यांना तेव्हा मतच नव्हतं, एच-वन वाले, त्यांनीही वाचा, तुमचं मत येईलच कधीतरी.)

तो फोटो तुम्हाला सुंदर दिसला, मला काय दिसलं ते सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये एल्कची मादी जवळपास उपाशी असते. चरते, नाही असं नाही, पण बर्फाखालचं वाळकं गवत आणि सेजब्रशच्या काटक्या, त्यात काय दम असणार, ती जगते उन्हाळ्यात अंगावर चढवलेल्या चरबीवर, आणि पोटात जूनमध्ये जन्मणारं पाडस असतं. पगार बंद आणि सगळा संसार शिलकीवर, तशी गत. म्हणून ती हलत नाही, ऊन लागेल त्या उतारावर नुसती उभी राहते नाहीतर बसते. तुमचा कुत्रा भुंकला आणि ती पन्नास-साठ जनावरं मांडीभर बर्फातनं टेकडी चढून पलीकडं गेली, तो खर्च उन्हाळ्यापर्यंत भरून निघत नाही. एकदा झालं तर मरत नाहीत, पण आज तुम्ही, उद्या स्नोमोबाइलवाला, परवा अजून कोण. तो बोर्ड त्यासाठीच असतो. आपल्याकडं आय-२५ हायवेच्या पश्चिमेला सरकारी जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल गळून पडलेली शिंगं उचलायलासुद्धा बंदी आहे, का, तर शिंगं शोधणारे लोक जनावरांच्या मागं मागं फिरतात म्हणून. आणि हा नियम इथले शिकारी पाळतात, म्हणजे बहुतेक पाळतात, एखादा भुरटा सगळीकडं असतोच.

आता त्याच उतारावर लांडगा आलाय. १८ डिसेंबर २०२३ ला ओरेगॉनहून आणलेले पहिले पाच लांडगे आमच्या ग्रँड काउंटीत सोडले, त्या महिन्यात ग्रँड आणि समिट मिळून दहा, आणि जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश कोलंबियाहून आणलेले पंधरा ईगल आणि पिटकिन काउंटीत. तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल, पिंजऱ्याचं दार उघडतं आणि तो पळत सुटतो, टाळ्या बिळ्या. लांडगा काय कुठं ट्रेकिंगला जात नाही हो, तो मांसाकडं जातो, आणि हिवाळ्यात मांस सगळं खाली, नदीकाठच्या विलोमध्ये आणि सेजब्रशच्या उतारांवर गोळा झालेलं असतं. आमचं मिडल पार्क खोरं म्हणजे चारी बाजूंनी डोंगर आणि मधी परात, वर आठ-दहा फूट बर्फ पडला की सगळे एल्क परातीत उतरतात. त्याच परातीत रँचेस आहेत, हायवे ४० आहे, गावं आहेत, आणि तुमची ती भाड्याची घरं.

मी काय मत दिलं ते आधीच सांगून टाकतो. मी नाही म्हणलं होतं. त्या ऑक्टोबरात बॅलट टपालानं घरी आलेलं आणि ईस्ट ट्रबलसमची आग लागलेली, एका रात्रीत लाखभर एकरनं वाढली, ग्रँड लेक आणि ग्रॅन्बीकडचा भाग रिकामा करायला लावला, तीनशेच्या वर घरं गेली. आमच्याकडं ओळखीच्यांची माणसं, घोडी, कुत्री येऊन राहिलेली, अंगणात राख पडत होती, आणि टेबलावर ते पाकीट. तेव्हा वाटलं, आत्ता हे कशाला. शिवाय लांडगे स्वतःच्या पायानं येतच होते ना, जानेवारी २०२० मध्ये मोफॅट काउंटीत सहा जणांचा पॅक दिसलेला, वायोमिंगहून आलेला, आणि २०२१ मध्ये तर शेजारच्या नॉर्थ पार्क खोऱ्यात पिल्लंसुद्धा झाली, कुणी न आणता. पण ११४ पास झालं, एकतीस लाख मतांत ५७ हजारांच्या आसपास फरकानं. आमच्या काउंटीनं नाही म्हणलं, वेस्टर्न स्लोपच्या, म्हणजे राज्याच्या पश्चिम भागातल्या, बहुतेक काउंट्यांनी नाही म्हणलं, आणि लांडगे कुठं सोडायचे तर कायद्यातच लिहिलेलं, कॉन्टिनेंटल डिव्हाइडच्या, म्हणजे रॉकीजच्या कण्याच्या, पश्चिमेला. म्हणजे हो म्हणणार तुम्ही आणि पाहुणा जेवायला आमच्याकडं. लोकशाही आहे, मान्य, मी रडत नाहीये. पण इथल्या माणसांच्या तोंडाला तेव्हापासनं जी कडू चव आलीय ती कशाची आहे हे तरी माहीत असू दे.

तर शिकारी काय म्हणतात. तुमच्या डोक्यात शिकारी म्हणजे भिंतीवर मुंडकं लावणारा जाड्या माणूस, मला माहितीय, कारण मी पहिल्यांदा शिकारीला गेलो तेव्हा तुमच्यातल्याच एका वहिनींनी चार महिने माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं. (आणि दिवाळीच्या पॉटलकला कांदा-लसूण मसाल्यातलं जे सुक्कं तुम्ही दोनदा वाढून घेतलंत ते एल्कचं होतं, चिठ्ठी लावली होती मी भांड्यावर, तुम्ही वाचली नाहीत.) इथं ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक मादी मिळाली की चौघांच्या घरात वर्षाचं मटण होतं. माझा शेजारी सत्तरीचा आहे, शिकारीच्या लायसन्ससाठी फॉर्म भरून, सोडतीत (ड्रॉ) नंबर लागतो का बघत, तीस-पस्तीस वर्षं एकाच ओढ्याला जातो. त्या दोन महिन्यांत मोटेल भरतं, डायनरमध्ये पहाटे चारला रांग लागते, मांस कापून देणाऱ्याकडं दोन आठवड्यांचं वेटिंग असतं. गाव त्यावर पुढचा चिखलाचा एप्रिल काढतं.

शेजाऱ्याची पहिली काळजी आकड्यांची नाही, एल्क हिवाळ्यात वागतात कसे याची आहे. तो म्हणतो, पूर्वी जनावरं मार्चपर्यंत सरकारी जमिनीवरच्या त्याच दोन उतारांवर असायची, आता आज आहेत आणि उद्या सगळी रँचवर गवताच्या गंजीपाशी. मग रँचवाला वैतागतो, कुंपण मोडतं, गंजी नासतात, आणि पुढच्या सीझनला तीच जनावरं प्रायव्हेट जमिनीवर ठाण मांडून बसतात जिथं साध्या माणसाला पाय ठेवता येत नाही. हे लांडग्यामुळंच होतंय का बर्फामुळं का माणसांमुळं, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण दिवसातनं वीस वेळा दुर्बीण लावणारा म्हातारा काहीतरी बघत असतो, त्याला अडाणी म्हणून झटकू नका एवढंच.

दुसरी काळजी पाडसांची. इथले लोक वायोमिंगची गोष्ट सांगतात, २०१६ च्या मार्चमध्ये बॉन्डुरांटजवळच्या एका फीडग्राउंडवर, म्हणजे जिथं सरकार हिवाळ्यात एल्कना गवत घालतं तिथं, लांडग्यांनी एका रात्रीत १९ एल्क मारले, त्यातली १७ पाडसं, आणि खाल्ली जवळपास नाहीतच. गोष्ट खरी आहे. पण तिथं जनावरं गवताच्या ओळीला दाटीनं उभी असतात, आपल्याकडं तसली नेमानं गवत घालायची पद्धत नाही, आणि असं होणं दुर्मिळ, हेही खरं. मग यलोस्टोनची गोष्ट येते, ती तर येतेच. १९९५-९६ मध्ये कॅनडातून आणलेले ३१ लांडगे सोडले, १९९४ मध्ये तिथला एल्कचा उत्तरेकडचा कळप, नॉर्दर्न हर्ड, १९ हजार होता, २०१३ मध्ये मोजला तर ४ हजारांच्या खाली. कॅफेत हे दोन आकडे कुणीही झोपेतनं उठवलं तरी सांगतो.

मी यावर भांडतो त्यांच्याशी. त्या वीस वर्षांत ग्रिझली अस्वलं वाढली, माउंटन लायन वाढले, १९९६-९७ चा हिवाळा भयंकर गेला, दुष्काळ पडला, आणि यलोस्टोनच्या उत्तर वेशीवरच्या गार्डिनरला उशिराच्या सीझनमध्ये आपल्याच लोकांनी वर्षानुवर्षं हजाराच्या घरात माद्यांची परमिटं वापरली. आणि तिथं मेलेल्या माद्यांची वयं बघितली तेव्हा निघालं की लांडग्यानं मारलेल्या सरासरी चौदा वर्षांच्या, शिकाऱ्यांनी मारलेल्या सहा-सात वर्षांच्या. म्हणजे लांडगा म्हाताऱ्या आणि पाडसं उचलत होता आणि आपण भर वयातल्या. हे सांगितलं की टेबलावर शांतता पसरते, मग कुणीतरी म्हणतो, बरोबर आहे, पण आपल्याला थांबवता येतं, लायसन्स कमी केली की झालं, लांडग्याला कोण सांगणार यंदा कमी खा. आता याला माझ्याकडं उत्तर नाही.

आणि राज्याचा हिशोब काढला तर घाबरण्यासारखं काही नाही हेही मी त्यांना सांगतो. कोलोरॅडोत पावणेतीन-तीन लाख एल्क आहेत, दुसऱ्या कुठल्या राज्यात एवढे नाहीत. शिकारी वर्षाला पस्तीस-चाळीस हजार मारतात. राज्याच्या लांडगा प्लॅनप्रमाणे ते दीडशे-दोनशे झाले आणि एकानं महिन्याला दीड-दोन एल्क खाल्ले तरी वर्षाचे चारेक हजार, आणि त्यातलेही बरेच असे की तसेही वसंत बघणार नव्हते. पण शेजारी म्हणतो मी राज्यात शिकार करत नाही, मी एका ओढ्यात करतो. दीडशे लांडगे सगळ्या राज्यात सारखे वाटून बसणार आहेत का? एक पॅक एका खोऱ्यात मुक्काम ठोकतो. २०२२-२३ चा हिवाळा आठवा, नॉर्थवेस्टला एल्क, म्यूल डिअर, प्राँगहॉर्न रस्त्याकडेला मरून पडलेले, राज्याचा एकूण आकडा तेव्हाही छान दिसत होता, पण मीकर-क्रेगकडची लायसन्स धडाधड कापावी लागली. तसल्या हिवाळ्यानंतर त्याच खोऱ्यात पॅक बसला तर? त्याची काळजी ही आहे. ती मूर्खपणाची आहे असं मला नाही वाटत.

गुराढोरांचं निदान पैशात मोजतात. गाय किंवा मेंढी गेली, लांडग्यानंच मारली हे सिद्ध झालं, तर एका जनावरामागं १५ हजार डॉलरपर्यंत भरपाई आहे. एप्रिल २०२४ पासनं आमच्याकडं वासरं जायला लागली, तपासणीला माणसं आली, फोटो, मापं, सगळं झालं. एल्कचा पंचनामा कोण करणार? आणि तो कुणाचाच नसतो ना, म्हणून बोंबलायलाही कुणी नाही, शिकारी सोडून.

पंचनामा शब्द आला म्हणून सांगतो. आमचं गाव माण तालुक्यातलं, आजोबांची मेंढरं होती. लांडगा मी कोलोरॅडोत नाही बघितला पहिल्यांदा, म्हसवडच्या माळावर बघितला, सात-आठ वर्षांचा असताना, काठीएवढे पाय, मातकट रंग, मागं वळून बघत चाललेला, तोंडात कोकरू. आबांनी दोन-चार शिव्या हासडल्या, कुत्री सोडली, मिळालं काही नाही, आणि रात्री जेवताना म्हणले, जाऊ दे, त्याचा वाटा त्याला गेला. शहरात हे सांगितलं की लोक म्हणतात वा, केवढं शहाणपण. आजी मात्र चुलीपाशी डोळे पुसत होती, ते कुणी विचारत नाही. आणि ऑफिसातनं भरपाई काय मिळाली नाही, कारण पंचनाम्याला मढं लागतं आणि लांडगा कोकरू उचलूनच नेतो, काय दाखवणार, रक्ताचे चार थेंब? आबा वाटा म्हणू शकले कारण माळ मोठा होता, लांडग्याला सशापासनं काळविटापर्यंत दुसरंही काहीबाही होतं, आणि तिथं कुणी प्लॉट पाडले नव्हते. आता पाडलेत. आता त्याच गावात वाटा बिटा कुणी म्हणत नाही.

माझं म्हणणं इथंच येतं बघा. इथले शिकारी लांडग्यावर बोट ठेवतात, तुम्ही शिकाऱ्यांवर, आणि मधी जी परात आहे ती दरवर्षी लहान होतेय त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नाही. वेलजवळचं युनिट ४५, म्हणजे शिकारीसाठी आखलेला एक भाग, घ्या, दहाएक वर्षांपूर्वी तिथं हजाराच्या वर एल्क मोजले जायचे, २०१९ च्या फेब्रुवारीत मोजले तर ५३. त्रेपन्न! लांडगा एक नव्हता तेव्हा तिथं. ट्रेल्स होत्या, सायकली होत्या, हेडलाइट लावून रात्री पळणारे होते, वर्षाचे बाराही महिने. ग्रॅन्बी, फ्रेझर, विंटर पार्कला जी नवी घरं होतायत ती काय हवेत होतायत? एल्कला हलवायला लांडगाच लागतो असं नाही, पण माणसांनी तीन बाजू घेतल्यावर चौथ्या बाजूनं लांडगा आला की एल्क जाणार कुठं हो?

आणि जागा सोडली तर काय होतं तेही इथंच आहे, बघून जा. क्रेमलिंगहून सिल्व्हरथॉर्नकडं जाणारा हायवे ९, मी पोटासाठी रस्त्याचीच कामं बघतो म्हणून मला त्याचं जरा जास्त कौतुक, तिथं हिवाळ्यात म्यूल डिअर आणि एल्क खाली उतरायचे आणि गाड्यांखाली यायचे, माणसंही गेली. २०१६ पर्यंत जनावरांसाठी दोन पूल वरनं आणि पाच बोगदे खालनं केले, दहा मैल कुंपण घातलं, अपघात नव्वद टक्क्यांनी कमी झाले. पैसे राज्यानं तर घातलेच, पण काउंटीनं, इथल्या लोकांनी आणि एका रँचमालकानंही घातले, आणि त्या वर्गणी देणाऱ्यांत शिकारी किती होते ते विचारा. कोलोरॅडोत वाइल्डलाइफचा खर्च मुख्यतः लायसन्सच्या पैशातनं चालतो, वर बंदुका-काडतुसांवरचा केंद्राचा टॅक्स, तोही १९३७ च्या कायद्यापासनं त्यातच येतो. लांडग्याचा खर्च बराचसा जनरल फंडातनं, म्हणजे सगळ्यांच्या टॅक्समधनं, होतो हे बरोबर आहे, तुमच्यातल्या दोघांच्या गाडीला ती लांडग्याच्या चित्राची नंबरप्लेट पण बघितली, चांगलंय, त्याचे पैसे गुरं वाचवण्याच्या कामाला जातात. पण एल्कची हिवाळ्यातली मोजणी, हेलिकॉप्टरनं शंभर माद्यांमागं पाडसं किती हे बघणं, कॉलर लावणं, हे सगळं ज्याला तुम्ही खलनायक समजता त्याच्या खिशातनं होतं.

एक गंमत सांगतो, इथल्या लोकांना ती आवडत नाही. हे एल्कसुद्धा आणलेलेच आहेत. १९०० च्या आसपास मारून मारून मूठभर उरले होते, मग वायोमिंगहून रेल्वेनं आणून सोडले. कोलोरॅडोतला शेवटचा लांडगा १९४५ च्या सुमारास गेला. म्हणजे पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे भांडण फार ताणू नये कुणीच.

तर मला तुमच्याकडनं हवंय काय? माफी बिफी नको. आणलेल्या पंचवीस लांडग्यांपैकी निदान दहा तरी मेलेत, म्हणून त्यांच्यासाठी मेणबत्त्या पण नकोत. राज्याच्या वाइल्डलाइफ खात्याच्या (सीपीडब्ल्यू) कमिशनच्या मीटिंगला लोकांना बोलायला वेळ असतो, ऑनलाइन पण बोलता येतं, तिथं फ्रंट रेंजची, म्हणजे तुमच्या डेन्व्हरच्या बाजूची, माणसं लांडगा वाचवा म्हणून बोलतात आणि आमच्याकडची नको म्हणून, पुढच्या वेळी तुमच्यातल्या एकानं उठून एवढंच विचारावं की पॅक बसलेल्या खोऱ्यांत मादीमागं पाडसं किती आहेत, ती मोजणी दरवर्षी करणार का आणि त्याला पैसे कुठनं देणार. जनरल फंडातनं द्या म्हणा. लांडगा सगळ्यांचा असेल तर त्याच्या ताटाचा हिशोब पण सगळ्यांनी ठेवायचा. डेन्व्हरचा माणूस हे विचारतोय म्हणल्यावर माझा शेजारी खुर्चीतनं पडेल, पण ऐकेल.

दुसरं, घराचं बुकिंग करताना बघा की मालक बंदीच्या जागेबद्दल काही सांगतो का, नसेल सांगत तर त्याला तसं लिहा. आणि सीपीडब्ल्यूचा जो नकाशा महिन्याला येतो, लांडग्यांच्या कॉलरचे सिग्नल कुठल्या कुठल्या पाणलोटात मिळाले तो, तो लांडगे शोधायला वापरू नका. एका पाणलोटात शंभर मैल फिराल आणि दिसणार काय, तर मीच, टायर बदलताना.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात या. हायवेच्या कडेला गाडी लावायची एक जागा मला माहितीय, तिथनं समोरचा अख्खा उतार दिसतो, सकाळी सातच्या आत पोचलात तर दीड-दोनशे एल्क बसलेले असतात, बर्फात तपकिरी दगड पेरल्यासारखे. गाडीतनं उतरायचं नाही, काचा थोड्या खाली, मी दुर्बीण आणि स्टँड आणतो, शेजाऱ्याला पण बोलावतो, त्याला काय विचारायचं ते विचारा, तो लांडग्यांबद्दल तासभर बोलेल, त्यातलं निम्मं शिव्यांत असेल, पण मागच्या वर्षी नदीच्या पलीकडं एक काळा लांडगा बघितला ते सांगताना त्याचा आवाज कसा होतो तेवढं ऐका. थर्मासमध्ये चहा आणा, इथला चहा तुम्हाला माहितीय. कुत्रा मात्र घरी ठेवा.

तुमचाच,
क्रेमलिंगचा माणदेशी